स्वहस्ताक्षरातला अर्ज

एका अर्जासाठी माझ्या मुलीने अकरा कागद खराब केले आणि बारावा चांगला लिहिला. त्या बाराव्या कागदानेच तिचा घात केला. खराब झालेले अकरा मी फेकले नव्हते, कारण त्यांची मागची बाजू कोरी होती आणि कोरा कागद फेकायची मला सवय नाही. त्यातले आठ आता माझ्याकडे आहेत. त्यांच्यावरच हे लिहिते आहे. बाकीचे तीन कुठे गेले ते पुढे येईल.

मी चौथी शिकलेली. आमच्या गावातली शाळा तेव्हा चौथीपर्यंतच होती, आणि पाचवीसाठी मुलीला रोज संग्रामपूरला कोण पाठवणार होतं? पण अक्षर चांगलं होतं. गुरुजी फळ्यावर तारीख-वार लिहायला मलाच उठवायचे. चार लोकांत बोलायला उठवलं की मात्र घसा बंद व्हायचा, तो अजून होतो. बचत गटाच्या बैठकीत मी सगळ्यांची हजेरी लिहिते आणि गप्प बसते.

मुलगी माझ्यासारखी नाही. तिचं तोंड चालतं. ती शेगावला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती तेव्हाची ही गोष्ट. रोज एसटीने जायची, एसटीने यायची. तिच्या डोळ्यांचा आतला पडदा मधोमध झिजत चालला आहे. बाजूचं दिसतं, समोरचं दिसत नाही. तुम्ही तिच्यापुढे उभे राहिलात तर तुमचे खांदे दिसतील, मागचं दार दिसेल, तोंडाच्या जागी नुसता डाग. पुस्तकातल्या ज्या शब्दाकडे ती पाहील तोच शब्द नाहीसा होतो. नववीत हे सुरू झालं. डाग लहान होता तोवर, म्हणजे बारावीपर्यंत, तिने कसंबसं रेटलं. कॉलेजात जाईपर्यंत तो मोठा झाला.

चालताना ती कुठे धडकत नाही. शेताच्या बांधावरून जाते, बसमध्ये चढते, हंडा भरून आणते. पाहणाऱ्याला वाटतं, हिला काय झालंय? आणि लोकांना तसंच वाटावं म्हणून मी स्वतः झटले. नीट दिसावं म्हणून ती मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहायची. बाया म्हणायच्या, "पोट्टी तिरपी काऊन पाह्यते व?" उद्या हिला पाहायला पाहुणे आले तर ते काय म्हणतील, ही धास्ती मला बसली. मी तिच्या मागे लागले.

"सरळ पाह्य. बोलणाऱ्याच्या तोंडाकडं पाह्य."

"आई, तोंडाकडं पाह्यलं त तोंडच दिसत नाई."

"नाई दिसलं तरी पाह्य."

तिने ते शिकून घेतलं. जिथून आवाज येईल तिथे डोळे रोखायची, इतके बरोबर की कधी कधी मीच विसरायची.

पहिल्या सत्राचे पेपर तिने असेच रेटून लिहिले. प्रश्न वाचण्यातच निम्मा वेळ गेला. दोन विषय राहिले. इतिहास शिकवणाऱ्या मॅडमनी तिला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तू एका ओळीवर दुसरी ओळ लिहिली आहेस, मी वाचू कशी?" तेव्हा सगळं बाहेर आलं. मॅडमनीच सांगितलं की अशा मुलांना लेखनिक मिळतो. आपण तोंडाने उत्तर सांगायचं आणि त्याने लिहायचं. वर जास्तीचा वेळही मिळतो. "यात उपकार काही नाही," त्या म्हणाल्या, "तो तुझा हक्क आहे. पण आधी सर्टिफिकेट काढा."

सर्टिफिकेटसाठी बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात तीन खेपा झाल्या. पहाटेची गाडी, खामगावला बदलायची, मग घाट चढायचा. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत थेंब टाकले, मशीनपुढे बसवलं, एकेका डोळ्यात दिवा धरून पाहिलं. तासभर तरी गेला असेल. कागदावर त्यांनी लिहिलं की हा दोष कायमस्वरूपी आहे. निघताना मला म्हणाले, "तिला तिरपं पाहू द्या. ती तशीच पाहू शकते." मी मान हलवली आणि पदर तोंडाला लावला.

कॉलेजच्या ऑफिसात बाबूने सगळे कागद पाहिले. मॅडमनी अर्ज टाइप करून दिला होता. बाबूने तो तेवढा बाजूला काढून परत दिला.

"हा चालणार नाही. अर्ज विद्यार्थ्याने स्वहस्ताक्षरात लिहायचा असतो. विद्यापीठाचं परिपत्रक आहे."

मुलगी म्हणाली, "सर, मले लिहिता येत नाई म्हणून तर अर्ज हाय."

"ते बरोबर आहे. पण अर्ज लिहावा लागेल."

"म्हणजे मी लंगडी असती त तुम्ही म्हटलं असतं, पळत ये अन् अर्ज दे?"

बाबू हसला. "तोंड चांगलं चालते बाई तुझं."

"मंग तोंडाचीच परीक्षा घ्या ना सर. लेखनिक नाई लागत."

मी तिचा हात ओढून तिला बाहेर आणलं. साहेब लोकांशी असं बोलतात का, म्हणून रस्ताभर बोलले. आज वाटतं, तिथे त्या टेबलापुढेच अडून बसायला हवं होतं. ज्याला हाताने लिहिता येत नाही त्याने ते हाताने लिहून कळवायचं, हा नियम लिहिणाऱ्याने तो एकदा तरी मोठ्याने वाचून पाहिला असेल का?

शनिवारी सकाळी आम्ही अर्ज लिहायला बसलो. मी बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि त्याला ब्लेडने एका ओळीएवढी फट पाडली. तो कागदावर ठेवायचा, फटीत तिने जाड काळ्या पेनाने लिहायचं, ओळ भरली की मी पुठ्ठा खाली सरकवायचा. एका ओळीला पंधरा मिनिटं लागायची. मान वाकडी करून, नाक कागदाला लावून ती एकेक अक्षर काढायची. वेलांटी पुठ्ठ्यावर जायची, कागदावर यायचीच नाही. काना दुसऱ्याच अक्षराला लागायचा. चार ओळी झाल्यावर पाचवी बिघडायची आणि मी नवा कागद पुढे ठेवायची.

"आई, अर्ज हाय हा. रुखवत नाई."

"आपल्या घरातून जाऊन राह्यला कागद. लोकं पाह्यतीन."

"त्याहीले माह्ये डोळे पाह्याचे हायेत, का तुह्यं वळण?"

मी ऐकलं नाही. रविवारी दिवस कलायला बारावा कागद पुरा झाला. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, डोकं ठणकत होतं. तिचे वडील शेतातून आले, त्यांनी कागद उजेडात धरला आणि म्हणाले, "हे त छापल्यावानी दिसते." मला फार बरं वाटलं. माझ्या हाताचं वळण तिच्या हातात उतरलं, असं मनात आलं. दोन दिवस मी काय करत होते ते मला कळत नव्हतं.

महिन्याभराने समितीने बोलावलं. टेबलापलीकडे तिघं होती. कॉलेजचे एक सर अध्यक्ष, विद्यापीठाकडून आलेले दुसरे सर, आणि एक बाई, ज्या शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत. मी दाराजवळच्या बाकावर बसले. मुलगी खुर्चीवर. विद्यापीठाच्या सरांच्या हातात तो बारावा कागद होता.

"हे तू स्वतः लिहिलंस?"

"हो सर."

"कोणी मदत केली?"

"आईनं पुठ्ठा धरला होता."

पुठ्ठा कसला, हे त्यांनी विचारलं नाही. "अक्षर छान आहे तुझं," ते म्हणाले. मग, "माझ्याकडे बघ." तिने आवाजाच्या दिशेने डोळे रोखले, मी शिकवलं होतं तसे. "हं. कॉलेजात कशी येतेस?"

"बसनं."

"एकटी? बसवरची पाटी वाचता येते मग?"

"नाई सर, आवाजावरून वळखतो. आमची गाडी लय खडखड वाजते."

तिघंही हसली. डॉक्टरांचं सर्टिफिकेट अध्यक्षांनी उलटून पाहिलं आणि फाइलच्या तळाशी ठेवलं. पाच मिनिटांत आम्ही बाहेर. किती वेळ लागला लिहायला, हा एक प्रश्न तिथे कोणाला सुचला नाही. आणि खरं लिहायचं तर, "अक्षर छान आहे" म्हटलं तेव्हा बाकावर बसल्या बसल्या माझी मान वर झाली होती.

परीक्षेला आठ दिवस राहिले तेव्हा पत्र आलं. मुलीने माझ्या हातात दिलं, मी वाचून दाखवलं. अर्जदार स्वतः सुवाच्य लिहू शकते, एकटी प्रवास करते, समोरच्या व्यक्तीकडे नीट पाहते, असं समितीला दिसून आलं. म्हणून लेखनिकाची गरज वाटत नाही. जास्तीच्या वेळेचीही नाही.

तिने पत्र माझ्याकडून घेतलं, घडी घालून परत दिलं. 

मग म्हणाली, "तीन कारणं लिहिली त्याहीनं. त्यातलं बसचं माह्यं. अक्षर अन् नजर तुही."

एवढं बोलून ती आत गेली आणि पडून राहिली. मी पत्र हातात घेऊन ओट्यावर बसले. मागचे दोन विषय राहिलेले. यावेळी तेवढेच आणखी राहिले तर पुढच्या वर्षात जाता येत नव्हतं. आणि एकदा घरी बसलेल्या मुलीला कोणी परत कॉलेजात पाठवलेलं मी आमच्या गावात पाहिलेलं नाही. ती रागावली होती ते बरोबर होतं. पण माझा स्वतःवरचा राग थोडा निवल्यावर दुसरा राग वर आला, तो अजून गेलेला नाही. मी अडाणी बाई, मी लाजेपोटी चूक केली. त्यांचं काय? शिकलेली तीन माणसं, त्यांचं कामच हे. डोळ्यात दिवा धरून ज्याने तासभर पाहिलं त्याचा कागद फाइलच्या तळाशी, आणि माझ्या पुठ्ठ्यातून निघालेला कागद वर. नीट लिहून मागितलं तर म्हणे गरज नाही. नीट लिहिता आलं नसतं तर मग काय म्हणाले असते?

दुसऱ्या दिवशी मी अकरा कागद ट्रंकेतून काढले, पुठ्ठ्यासकट पिशवीत घातले आणि मुलीच्याच बसने शेगावला गेले. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण कॉलेजच्या फाट्यावर उतरताना तिने माझी पिशवी धरली.

बाबू म्हणाला, "कमिटी झाली ना. आता पुढच्या सत्राला अर्ज करा."

मी म्हटलं, "पुढच्या सत्रापर्यंत हे सत्र निघून जाईन." एवढंच निघालं तोंडातून. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अध्यक्ष सरांच्या खोलीकडे बोट केलं.

सर काही लिहीत होते. काय बोलायचं ते बसमध्ये दहा वेळा घोकलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. मी पिशवीतून कागद काढले आणि त्यांच्या टेबलावर एकेक करून मांडले. आमच्या अंगणात पापड वाळत घालतात तसे. टेबल भरलं.

"हे काय आहे बाई?"

"अर्ज."

"कोणाचे?"

"तोच. एक तुमच्यापाशी हाय. हे त्याच्या आधीचे."

त्यांनी एक उचलला. त्यावर ओळ उतरत उतरत कागदाच्या बाहेर गेलेली होती; राहिलेला शब्द लिहायला खाली घेतलेल्या पाटावर उमटला होता, तो अजून निघालेला नाही. दुसऱ्यावर 'विनंती' तीनदा एकावर एक. त्यांनी पुठ्ठा हातात घेऊन फटीतून पाहिलं.

"किती वेळ लागला?"

"दोन दिवस. शनिवार अन् इतवार."

"मग हे त्या दिवशी सांगायचं ना."

"तुम्ही इचारलं नाई."

"तुम्ही पण बोलल्या नाहीत. तिथेच तर बसल्या होत्या."

 खरंच बसले होते. मग मला वाटलं, आता नाही बोलले तर कधीच नाही. मी म्हटलं, "साहेब, नजर मी शिकवली तिले. तिले तोंड दिसत नाई, तरी पाह्य म्हणून मीच मांगं लागली. लग्नाच्या भेवानं. लोकाईले समजू नाई म्हणून. तुम्ही लोकच निघाले, तुम्हालेही नाई समजलं." माझा आवाज फाटला होता. दारात कोणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून वळले, तर मुलगी होती.

सरांनी विद्यापीठाच्या सरांना फोन लावला. ठरलं असं की परवा तिला समितीपुढे एका प्रश्नाचं उत्तर लिहायला लावायचं. म्हणजे डॉक्टरांचा कागद नाही पुरला, अकरा कागद नाही पुरले. तिची फजिती डोळ्यांनी पाहायची होती.

परवा तीच खोली, तीच तिघं. जुनी प्रश्नपत्रिका, बारीक छापलेली. दहा मिनिटं.

"पुठ्ठ्यानं लिहू, का बिनपुठ्ठ्यानं?" तिने विचारलं.

"परीक्षेत लिहिशील तसं."

तिने प्रश्नपत्रिका धरली आणि सवयीने मान ताठ ठेवली. मला बाकावर बसवेना. मी उठले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "तिरपं पाह्य, बाई. तुह्या डोळ्यानं पाह्य."

तिने मान वाकडी केली, कागद डोळ्याच्या कोपऱ्याशी नेला, नाकाला लावला. पाच मिनिटांत प्रश्न कसाबसा वाचून झाला. मग लिहायला लागली. एक ओळ तिरकी वर गेली, दुसरी तिच्यातच घुसली. विद्यापीठाच्या सरांनी घड्याळ पाहिलं. "ठीक आहे, ठीक आहे. थांब आता."

"थांब नका म्हणू सर. पेपरात कोणी थांबवत नाई. होऊ द्या दहा मिनटं."

आणि ती लिहीत राहिली. त्या तिघांना पुरी दहा मिनिटं बसून ते पाहावं लागलं. गप्प राहणाऱ्या बाई खिडकीकडे पाहत होत्या.

त्याच दिवशी परवानगीचं पत्र मिळालं. लेखनिक आणि तासामागे वीस मिनिटं. माझ्या अकरा कागदांपैकी तीन त्यांनी पुरावा म्हणून फाइलला लावून घेतले. निघताना अध्यक्ष सर म्हणाले, "आधीच असं आला असता तर इतका त्रास झाला नसता." जणू आम्हीच त्यांना त्रास दिला होता.

लेखनिक म्हणून शेजारची अकरावीतली मुलगी गेली. पहिल्या पेपराहून आली आणि बोटं चोळत म्हणाली, "काकू, हे बोलते का गाडी सुटते? माह्या हाताचा भुगा झाला." माझी मुलगी म्हणाली, "तुह्यासाठी बी लेखनिक मागू का व?" दोघी ओट्यावर बसून हसत होत्या. त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखी बोलली. निकाल लागला तेव्हा मागच्या दोनसकट सगळे विषय निघाले.

इथे संपायला हवं होतं. पण परवानगीच्या पत्रात खाली एक ओळ होती, ती मी तेव्हा आनंदात नीट वाचली नव्हती. ही परवानगी या सत्रापुरतीच आहे. डॉक्टरांनी कायमस्वरूपी लिहिलं, विद्यापीठाने एका सत्रापुरतं. डोळे काय सत्र पाहून जातात आणि येतात?

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. पुन्हा अर्ज करायचा आहे, पुन्हा स्वहस्ताक्षरात. काल ती पेन शोधत होती. मी सांगितलं, "या बारीले मी पुठ्ठा देत नाई. जसं येते तसं लिह्य. एकाच कागदावर. मी पाह्यणारच नाई."

ती म्हणाली, "अन् त्याहीनं म्हटलं, अर्ज वाचता येत नाई, म्हणून नामंजूर?"

मी कणीक मळत होते. हात थांबले. बाबू हेच वाक्य कसं म्हणेल, ते मला त्याच्या आवाजासकट ऐकू आलं.

शेवटी ठरवलं की दोन्ही द्यायचे. एक पुठ्ठ्याने, एक बिनपुठ्ठ्याने, आणि दोन्हीवर लागलेला वेळ लिहायचा. वेळ मी लिहीन, माझ्या अक्षरात, आणि खाली माझी सही करीन. आणि समितीने बोलावलं की दाराजवळच्या बाकावर बसायचं नाही. तिच्या शेजारी खुर्ची मागायची. खुर्ची नाही म्हणाले तर उभं राहायचं.